तुलांबेनच्या ‘लिबर्टी’वर पहिली डाइव्ह: नवशिक्यांनी बुडालेलं जहाज कसं पाहावं

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं छोटं गाव आहे. किनाऱ्यावर आपल्या ओळखीची पुळण नाही, आहेत ते काळे, गुळगुळीत, नारळाएवढे दगड. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घरंगळतात आणि त्यांचा खडखडाट थेट मुक्कामाच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. या दगडांवरून पाण्यात शिरून थोडं पोहत गेलं, की खाली सव्वाशे मीटर लांबीचं एक जहाज कुशीवर पडलेलं दिसतं. बोट लागत नाही, खोल समुद्रात जावं लागत नाही. जहाजाचा सर्वांत वरचा भाग पाच मीटरच्या आसपास, सर्वांत खोल भाग तीस मीटरच्या आसपास. नवशिक्या डायव्हरला बुडालेलं जहाज नीट पाहायचं असेल, तर याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या लॉगबुकात जेमतेम अकरा डाइव्ह होत्या. त्या वेळी जे कुणी सांगायला हवं होतं आणि नंतरच्या फेऱ्यांमध्ये जे उमगलं, ते सगळं इथे लिहिते आहे. सगळ्यात आधी माझं मुख्य म्हणणं: तुलांबेनला तीन दिवस राहा आणि तीन वेगवेगळ्या जागा करण्यापेक्षा हे एकच जहाज तीन वेगवेगळ्या वेळांना पाहा. पुढच्या सगळ्या सूचना त्या हिशेबानंच आहेत.

हे जहाज इथे आलं कसं

यूएसएटी लिबर्टी हे अमेरिकन लष्कराचं मालवाहू जहाज, १९१८ साली न्यू जर्सीत बांधलेलं. ११ जानेवारी १९४२ रोजी रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे चाललं होतं. लोंबोक सामुद्रधुनीजवळ आय-६६ (नंतरची आय-१६६) या जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं त्याला गाठलं. ‘पॉल जोन्स’ ही अमेरिकन आणि ‘व्हॅन गेंट’ ही डच अशा दोन विनाशिका त्याला ओढत सिंगराजा बंदराकडे नेऊ लागल्या. पण जहाजात पाणी इतकं भरलं की बंदर गाठणं अशक्य झालं. म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं.

तिथे ते एकवीस वर्षं तसंच पडून होतं. १९६३ साली गावामागचा आगुंग ज्वालामुखी फुटला. त्या उद्रेकात बालीत हजाराहून अधिक माणसं गेली. त्याच वेळच्या हादऱ्यांनी लिबर्टी किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेली आणि काळ्या वाळूच्या उतारावर आडवी झाली.

दुसऱ्या महायुद्धात ‘लिबर्टी शिप’ नावाच्या प्रकाराची हजारो मालवाहू जहाजं बांधली गेली. बरेच गाइडही हे त्यांतलंच एक समजतात, पण हे जहाज त्यांच्या वीसेक वर्षं आधीचं. नाव सारखं, एवढंच.

जहाज उतारावर पडलं आहे, हीच नवशिक्यांच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट. सपाट तळावरच्या जहाजाकडे जाताना थेट त्याच्या खोलीपर्यंत उतरावं लागतं. इथे खोली तुम्ही निवडता. बारा मीटरवरही पाहण्यासारखं खूप आहे आणि पहिल्या कोर्सची अठरा मीटरची मर्यादा पाळली तरी जहाजाचा मोठा भाग पाहून होतो.

घरून निघण्याआधी

मालवणला किंवा गोव्यात प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं जाऊन आला असाल, तर तो आनंद खराच, पण त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. लिबर्टीवर स्वतःच्या भरवशावर फिरायचं तर ओपन वॉटर हा पहिला कोर्स हवा. त्याला साधारण तीन-चार दिवस लागतात. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं जमायला हवं, वेगाची अट नाही. हा कोर्स बालीतही होतो, पण मी म्हणेन की आपल्याकडेच करा: तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात ग्रँड आयलंड आहे, मुर्डेश्वरजवळ नेत्राणी आहे. आपल्या किनाऱ्यावर पाणी बरेचदा गढूळ असतं, चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. ज्यानं त्या पाण्यात बडीला (जोडीच्या डायव्हरला) नजरेआड होऊ न देता डाइव्ह केली आहे, त्याला तुलांबेनचं पाणी अंगणासारखं वाटतं. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ ‘सुझीज रेक’ नावाचं उथळातलं बुडालेलं जहाजही आहे. आधी ते पाहून झालं तर उत्तमच.

कोर्स केलेला नाही आणि तरीही लिबर्टी पाहायचीच आहे, तर प्रशिक्षकाबरोबरची प्राथमिक डाइव्ह बारा मीटरपर्यंत करता येते. पोहता येत असेल तर पाणी शांत असताना स्नॉर्केलनंही (तोंडात धरायच्या नळीनं, वरूनच) जहाजाचा वरचा भाग दिसतो.

डॉक्टरांकडे जाऊन या, आणि स्कूबा करणार आहे हे स्पष्ट सांगा. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काही असेल तर वैद्यकीय फॉर्मवर लपवू नका. जहाज म्हणजे गंजलेलं लोखंड, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या. डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. प्रवासाच्या साध्या विम्यात डायव्हिंग बहुधा धरत नाहीत. आणि दाबविकारावर (भराभर वर आल्यानं शरीरात वायूचे बुडबुडे होण्याच्या आजारावर) उपचार करणारा चेंबर देनपसारला आहे, तुलांबेनपासून दोन-तीन तासांवर.

एप्रिल ते नोव्हेंबर हा कोरडा काळ चांगला. त्यातही मला सप्टेंबर-ऑक्टोबर आवडतात. डिसेंबर ते मार्च पाऊस असतो, डोंगरावरून येणारे ओढे गाळ आणतात आणि लाटही वाढते. पाणी बहुतेक वर्षभर २७ ते २९ अंशांचं असतं, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन अंश गार होतं. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो, थंडी लवकर वाजत असेल तर त्या दोन महिन्यांत पाचचा मागून घ्या.

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, ऑनलाइन आधीही काढता येतो. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकांकडून दीड लाख रुपिया शुल्क घेतो. तारखा ठरवताना ‘न्येपी’ कधी आहे ते पाहा. मार्चच्या आसपास येणाऱ्या या दिवशी अख्खी बाली चोवीस तास मौन पाळते, विमानतळसुद्धा बंद असतो.

मुक्काम आणि गाइड

दक्षिण बालीतल्या हॉटेलांतून तुलांबेनची एका दिवसाची सहल विकतात. ती घेऊ नका. गाडीत दोन-अडीच तास काढून ही माणसं सकाळी साडेनऊ-दहाला पोहोचतात, आणि सगळे एकाच वेळी पाण्यात. त्या गर्दीत जहाजापेक्षा दुसऱ्यांच्या पायातले फिन्सच (पोहायचे पंखे) जास्त दिसतात. गावात मुक्काम केलात तर पहाट आणि संध्याकाळ या दोन्ही चांगल्या वेळा तुमच्या हातात राहतात.

बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमच्या शरीराला ते पहाटेचे साडेतीन वाटतात. म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटेची डाइव्ह ठरवू नका.

गाइड निवडताना मी चार प्रश्न विचारते. एका गाइडमागे किती जण? नवशिक्यांसाठी दोन, फार तर तीन. माझी हवा लवकर संपली तर इतरांचं काय करता? ‘सगळे मिळून उथळात येतो’ असं उत्तर यावं, ‘तुम्ही एकट्या वर जा’ असं नाही. ऑक्सिजनची पेटी किनाऱ्यावर असते का? ती उघडून दाखवायला सांगा. आणि शेवटचा प्रश्न, पहिली डाइव्ह जहाजावर न करता शेजारच्या कोरल गार्डनमध्ये करता येईल का? जो या प्रश्नावर लगेच हो म्हणतो, त्याच्यावर माझा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

तुलांबेनमध्ये टाक्या आणि सामान किनाऱ्यापर्यंत गावातली माणसं वाहून नेतात. त्यांत बायका पुष्कळ, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर टाकी घेऊन त्या दगडांवरून झपझप चालतात. त्यांची गावातच संघटना आहे आणि कामाच्या पाळ्या लावलेल्या असतात. ‘माझं मी उचलतो’ म्हणून त्यांचं काम काढून घेऊ नका. या जहाजाच्या उत्पन्नातला गावाचा हिस्सा तोच आहे.

पहिला दिवस: वजन आणि श्वास

कोरल गार्डन ही जहाजाच्या शेजारची उथळ जागा. इथे पहिली डाइव्ह कशासाठी? दोनच कामांसाठी.

पहिलं काम, कमरेच्या शिशाचं वजन बरोबर करणं. छातीएवढ्या पाण्यात बीसीडीतली (हवा भरता-सोडता येणाऱ्या जाकिटातली) सगळी हवा सोडा, रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग) तोंडात ठेवून नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. ही चाचणी भरलेल्या टाकीनं केली असेल तर साधारण दोन किलो जास्त ठेवा. टाकीतल्या हवेलाही वजन असतं. ॲल्युमिनियमची टाकी दोनशे बारवरून (बार हे दाबाचं माप) पन्नासवर आली की जवळजवळ तेवढी हलकी होते आणि शेवटच्या थांब्याला तुम्हाला वर खेचते. पण गरजेपेक्षा जास्त वजनही नको. नवशिक्यांना घाईघाईत एक-दोन किलो जास्तच बांधलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. मग ते बुडू नये म्हणून बीसीडी फुगवतात, शरीर उभं होतं आणि फिन्सनी तळ ढवळला जातो.

दुसरं काम, श्वासानं वर-खाली होणं. तळापासून मीटरभर वर आडवे व्हा. हळू, खोल श्वास घेतला की क्षणभरानं शरीर वर जातं, सोडला की खाली येतं. पाच मिनिटं फक्त हेच करा. वजनाची चाचणी पृष्ठभागावर होती, पाण्याखाली मात्र श्वास कधीच रोखून धरायचा नाही. हात पोटाशी बांधून, गुडघे वाकवून, फिन्स वरच्या बाजूला ठेवून एका जागी तरंगता येऊ लागलं की तुम्ही जहाजासाठी तयार झालात. नाही जमलं तर दुसरी डाइव्हही इथेच करा. माझ्या पहिल्या फेरीत मी हे केलं नव्हतं. सरळ जहाजावर गेले आणि अठ्ठावीस मिनिटांत वर यावं लागलं. जहाज पाहण्यापेक्षा स्वतःला सावरण्यातच सगळी हवा गेली.

दगडांवरून पाण्यात

तुलांबेनमध्ये डायव्हर जखमी होतात ते बहुतेक जहाजावर नाही, या दहा मीटरच्या पट्ट्यात. म्हणून हे सावकाश वाचा.

जाड तळव्यांचे बूट हवेतच. अनवाणी पायांवर चढवायचे फिन्स इथे कामाचे नाहीत. आधी काठावर उभं राहून दोन-तीन मिनिटं लाटा मोजा. मोठ्या लाटा चार-पाचच्या गटानं येतात, मग थोडी उसंत मिळते. ती उसंत सापडली की निघायचं.

निघण्याआधी बडीबरोबर तपासणी करा: बीसीडी भरतो आणि सुटतो, शिशाचा पट्टा एका हातानं सोडता येतो, बकल लागलेत, टाकी पूर्ण उघडी आहे. रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या आणि त्या वेळी गेजकडे (टाकीतला दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे) बघत राहा. काटा थरथरला तर टाकी नीट उघडलेली नाही. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत थोडी हवा, फिन्स हातात. बडीचा किंवा गाइडचा दंड धरा, पाय न उचलता सरकवत चला. पाणी कमरेच्या वर आलं की एकमेकांना धरून एकेक फिन चढवा आणि लगेच पोहत लाटेच्या पट्ट्याबाहेर पडा. फिन्स घालून चालायचा प्रयत्न नको.

पडलात तर? उठू नका. टाकीसकट उठायला जाल तोवर पुढची लाट पुन्हा पाडते, आणि गुडघा किंवा घोटा दगडांत जातो. आडवेच राहा, रेग्युलेटर तोंडात असतोच, फिन्स घातलेले असतील तर पाय मारा, नसतील तर हातांनी पुढे सरका. दोन मीटरवर पाणी शांत असतं.

लाट छातीएवढी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द करा. जहाज उद्याही तिथेच आहे.

कान

पटीच्या हिशेबानं दाब सर्वांत वेगानं वाढतो तो पहिल्या दहा मीटरमध्ये. पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, म्हणजे थेट दुप्पट. पुढच्या दहा मीटरमध्ये तो दीडपटच होतो. त्यामुळे उथळ डाइव्ह आहे म्हणून कानांकडे दुर्लक्ष करणं चुकीचं. डोकं पाण्याखाली गेल्या क्षणापासून, दुखायची वाट न पाहता, अर्ध्या-अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. कान मोकळे होत नसतील तर मीटरभर वर या, पुन्हा करून बघा. जोर लावू नका. इथे उताराचा पुन्हा फायदा: तळाला धरून, पायऱ्या उतरल्यासारखं उतरता येतं. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका, पाण्याखालीच तिचा असर ओसरला तर वर येताना कानात हवा अडकते.

हवेचा हिशेब

हा हिशेब कोर्समध्ये सांगतात आणि सगळे विसरतात. नेहमीच्या टाकीत साधारण अकरा लिटर जागा असते, २०० बारला २,२०० लिटर हवा. त्यातली ५० बार राखीव ठेवायची, म्हणजे वापरायला १,६५० लिटर. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो असं धरा. अठरा मीटरवर दाब २.८ पट, तर खर्च मिनिटाला ५६ लिटर आणि वेळ अंदाजे २९ मिनिटं. आठ मीटरवर दाब १.८ पट, खर्च ३६ लिटर, वेळ ४५ मिनिटं. खोल गेलात तर पाहायला अर्धा तासही मिळत नाही. लिबर्टीवरची माझी सर्वांत समृद्ध डाइव्ह बारा मीटरच्या वरच झाली आहे.

आधी थोडं खोल, मग सावकाश उथळाकडे, असा क्रम ठेवा. शंभर बार झाले की गाइडला सांगायचं आणि उथळाकडे वळायचं, सत्तरला पाच मीटरवर असायचं, पन्नासला पाण्याबाहेर. खुणा आधी ठरवून घ्या. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’. ठीक आहे हे सांगायला तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ. मूठ छातीशी म्हणजे हवा कमी. हात गळ्याशी आडवा म्हणजे हवा संपली.

जहाजाभोवती

काळ्या वाळूवरून जाताना उतारावर गवताच्या पात्यांसारखं काही डोलताना दिसेल. ते गार्डन ईल, अर्धं शरीर वाळूत ठेवून वाहतं अन्न टिपणारे. जवळ गेलात की एकेक करून आत ओढले जातात. मग निळ्यात एक गडद भिंत उभी राहते. पहिल्या क्षणी ते जहाज वाटतच नाही, टेकडी वाटते. साठ वर्षांत त्याच्यावर मऊ प्रवाळ, स्पंज आणि पंख्यांसारखी गॉर्गोनियन इतकी वाढली आहेत की लोखंड शोधावं लागतं. आधी दूर थांबून एक मिनिट नुसतं पाहा. फासळ्यांची ओळ, कलंडलेला डेक, मालाच्या कोठारांचे मोठे चौकोन, हे एकदा जुळलं की पुढे वाट सापडते.

जहाज ठिकठिकाणी फुटलेलं, मोकळं आहे, आणि गाइड तुम्हाला फासळ्यांच्या कमानींमधून नेतील. हे आत शिरणं आहे का? माझा नियम असा: शिरण्याआधी पलीकडचं तोंड स्पष्ट दिसलं पाहिजे, दोघांना शेजारी-शेजारी जाता येईल एवढी रुंदी हवी, आणि वरून उजेड येत असला पाहिजे. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर बाहेरूनच पाहायचं. ओपन वॉटरचं शिक्षण छपराखाली जाण्यासाठी नसतं. आत फिनचा एक फटका बसला तर गाळ उठून काही दिसत नाही, आणि श्वासाचे बुडबुडे छताला लागून गंजाचे पोपडे पडतात. गाइडनं खुणावलं तरी नाही म्हणता येतं. मी म्हटलं आहे, आणि त्यानं मुकाट्यानं बाहेरची वाट धरली.

हात लावायचा नाही, कशालाच नाही. प्रवाळ मरतात हे एक कारण. दुसरं तुमच्यासाठी: स्कॉर्पियनफिश हुबेहूब शेवाळलेल्या लोखंडासारखा दिसतो आणि त्याचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर बाहेर येऊन तो भाग सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हातानं घ्या.

टायटन ट्रिगरफिश हा अंड्यांवर बसला असेल तर अंगावर येतो. त्याचं राज्य घरट्यापासून वरच्या दिशेनं फाकत गेलेलं असतं, म्हणून वर पळू नका, आडवे दूर जा आणि फिन्स त्याच्याकडे ठेवा.

लहान टॉर्च दिवसाही न्या. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, सगळं निळसर राखाडी दिसतं. टॉर्च पडला की तोच स्पंज शेंदरी होतो. जाळीच्या लाल पंख्यावर गाइड काडीनं काही दाखवू लागला तर धीर धरा: नखाएवढा पिग्मी सीहॉर्स असेल, पंख्याच्याच गाठींसारख्या गाठी अंगावर घेतलेला. कॅमेरा पहिल्या दोन डाइव्हला मुक्कामाच्या खोलीवरच ठेवा. हात मोकळे असलेला माणूस जास्त पाहतो.

तीन वेळा

दुपारी उशिरा, गर्दी ओसरल्यावर, जहाजाशी पहिली ओळख करून घ्या. पश्चिमेकडचा डोंगर उजेड लवकर अडवतो, पण ट्रेव्हलींचा मोठा थवा तेव्हा वर उथळात फिरत असतो. शेकडो चंदेरी मासे एकाच वेळी वळतात. त्यांच्या मागे पोहू नका. स्थिर राहिलात तर थवा तुमच्याभोवतीच फिरतो.

पहाट तिसऱ्या दिवशी. साडेसहाच्या आत पाण्यात हवं. बंपहेड पॅरटफिश रात्री जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडताच बाहेर पडतात. मीटरभराहून लांब वाढणारा, कपाळावर टेंगूळ असलेला हा पोपटमासा प्रवाळ कडाकडा फोडून खातो आणि त्याची वाळू करून मागे सोडतो. तो आवाज पाण्यात ऐकू येतो. वीस-पंचवीस जणांचा कळप गुरांसारखा सावकाश निघतो. बाजूला थांबा, वाट अडवू नका.

तिसरी वेळ संध्याकाळची, सूर्य मावळताना उतरून अंधारात संपणारी. हिच्यासाठी अनुभवी गाइड, प्रत्येकी दोन टॉर्च आणि आधीच्या दोन डाइव्ह जहाजावरच झालेल्या हव्यात. ओळखीची जागा अंधारात घाबरवत नाही, हेच एका जहाजावर तीनदा जाण्याचं माझं सर्वांत मोठं कारण. दिवसाचे मासे कपारीत शिरतात, हेकरू मासे शिकारीला निघतात, मिटलेले प्रवाळ उमलतात.

बिनसलं तर

बडी दिसेनासा झाला तर जागेवरच गोल फिरून पाहा, वर बुडबुडे शोधा. एक मिनिटात सापडला नाही तर सावकाश वर या, तोही तेच करत असतो. छाती भरून आली, श्वास पुरेना असं वाटलं तर पोहणं थांबवा, गाइडचा हात धरा आणि लांब श्वास सोडण्यावर लक्ष द्या. बहुतेक वेळा हवा घ्यायची नसते, सोडायची राहिलेली असते. दोन मिनिटांत उतरलं नाही तर डाइव्ह संपवा. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, कुणालाच.

वर येताना आणि नंतर

मिनिटाला नऊ मीटरहून वेगानं वर येऊ नका. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा इथे सुखाचा असतो. मोकळ्या पाण्यात लटकावं लागत नाही, उतारावरच्या दगडांत पाहत तो संपतो. बाहेर पडताना आत येतानाचंच उलट: उसंत ओळखा, कमरेएवढ्या पाण्यात बडीला धरून फिन्स काढा, आणि पाय कोरड्या दगडांवर टेकेपर्यंत रेग्युलेटर व मास्क काढू नका. मागून येणाऱ्या लाटेकडे लक्ष असू द्या. दगडांवर उभा असलेला वाहक हात पुढे करेल, तो धरा.

त्या दिवशी पाणी भरपूर प्या, दारू टाळा. एकच डाइव्ह केली असेल तर विमानापर्यंत किमान १२ तास, अनेक केल्या असतील तर १८ तास मध्ये हवेत. मी पूर्ण एक दिवस ठेवते. हाच नियम डोंगरालाही लागू आहे, आणि बालीत तो बरेच जण मोडतात. सकाळी लिबर्टी, दुपारी गाडीनं किंतामणी, दुसऱ्या पहाटे बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय, असा बेत आखतात. किंतामणीची कड दीड हजार मीटरच्या आसपास आहे, बातूर सतराशेच्या वर. डोंगर आधी करा, जहाज नंतर. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विलक्षण थकवा असं काही वाटलं तर ‘झोपून बरं वाटेल’ म्हणू नका, लगेच ऑक्सिजन मागा आणि विम्याच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

खोलीवर आल्यावर लॉगबुकात फक्त खोली आणि वेळ लिहू नका. किती वजन बांधलं होतं, सुरुवातीला आणि शेवटी किती बार होते, कुठल्या भागापासून सुरुवात केली, हेही लिहा. जहाजाचा एक साधा आराखडा काढा, चुकला तरी चालेल. दुसऱ्या डाइव्हनंतर तो दुरुस्त करा. माझ्या पहिल्या आराखड्यात नाळ (पुढचं टोक) आणि पिछाडी उलटी होती. तिसऱ्या दिवशी गाइडबरोबर चहा पिताना त्यानंच पेन घेऊन ती बदलली.

ही वही जपून ठेवा, ती आपल्याकडेही कामाला येईल. २०२४ साली नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ डायव्हरांसाठी समुद्रतळाशी ठेवण्याचा प्रकल्प महाराष्ट्रानं हाती घेतला आहे. तिथलं पाणी वेगळं असेल, खोली वेगळी असेल. तुमच्या वजनाचे आणि हवेचे आकडे मात्र याच वहीतून घ्यायचे आहेत.